धबधब्यावरचे घर पाहायला जाताना

वाचकांचे प्रश्न, वास्तुरचनाकाराची उत्तरे

गेल्या अंकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ‘फॉलिंगवॉटर’ या घराची छायाचित्रासह थोडक्यात ओळख करून दिली होती. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये या घराचा आराखडा केला, मुख्य घर १९३७ पर्यंत उभे राहिले आणि त्यामागच्या चढावरचे पाहुण्यांचे घर १९३९ मध्ये पूर्ण झाले. त्या मजकुरावर बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून पत्रे आली. त्यांतली पाच येथे थोडी संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : माझे यजमान आणि मी, दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. मुलगा पिट्सबर्गला नोकरीला असून सप्टेंबरात आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. त्याने हे घर पाहण्यासाठी मार्गदर्शकासह फेरीची तिकिटे काढली आहेत. घराची छायाचित्रे मोबाइलवर हवी तितकी दिसतात. मग एवढा खर्च करून प्रत्यक्ष जाण्याने अधिक काय मिळणार? शिवाय तिथल्या मार्गदर्शकाचे इंग्रजी मला कितपत कळेल, ही शंका आहेच. गुडघेही कुरकुरतात.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : छायाचित्राचा मुद्दा आधी घेतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. या घराचे जे चित्र जगभर छापले जाते ते ओढ्याच्या खालच्या अंगाला, खडकांवर उभे राहून काढलेले असते. खाली पाणी कोसळते आहे आणि त्याच्यावर फिकट पिवळसर रंगाच्या काँक्रीटच्या गच्च्या एकीवर एक पुढे आल्या आहेत, असे ते दृश्य. घरात राहणाऱ्यांना मात्र हे दृश्य घरातून कधीच दिसत नसे. एडगर कॉफमन हे पिट्सबर्गमधल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक. बेअर रन नावाच्या ओढ्याकाठी त्यांच्या कुटुंबाची सुटीत राहण्याची जागा होती, आणि नवे घर धबधब्यासमोर बांधले जाईल, खिडकीतून तो दिसत राहील, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. राइट यांनी घर धबधब्याच्या माथ्यावरच नेऊन ठेवले. त्यामुळे दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला धबधबा दिसत नाही, पण त्याचा आवाज दिवसरात्र ऐकू येतो. घराचा सगळा विचार या एका निर्णयातून निघालेला आहे, आणि तो नेमका छायाचित्रात न येणारा आहे. म्हणून जरूर जा.

धबधबा म्हटला की आपल्याकडच्या माणसाला पावसाळ्यातला गोकाक आठवतो. घटप्रभेचे ते गढूळ, अजस्र पाणी मनात धरून गेलात तर मात्र निराशा होईल. बेअर रन हा जंगलातला लहानसा ओढा आहे, आणि तो लहान आहे म्हणूनच त्याच्यावर घर बांधून त्यात झोपण्याची कल्पना शक्य झाली.

फेरीत मार्गदर्शक ज्या क्रमाने नेतात तो क्रम मुद्दाम लक्षात ठेवा. झाडीतून चालत आपण ओढ्यावरच्या पुलाशी येतो, पूल ओलांडून घराच्या मागच्या, डोंगराकडच्या बाजूला वळतो आणि तिथे एक अरुंद, दगडी, काहीसे अंधारे प्रवेशद्वार लागते. कॉफमन यांच्या ऐपतीच्या माणसाच्या घराला दर्शनी भव्य दरवाजा असेल, ही अपेक्षा येथे मोडते. त्या अरुंद जागेतून दोनचार पायऱ्या चढून आत आले की एकदम रुंद दिवाणखाना समोर उघडतो. छत येथेही फार उंच नाही. घरात काही ठिकाणी तर ते साडेसहा फुटांच्या आसपासच आहे. उंच छताची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते प्रथम दडपल्यासारखे वाटेल, पण थोडे थांबा. नजरेला वर जायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून ती आपोआप आडवी सरकत खिडक्यांच्या पट्ट्यातून बाहेरच्या झाडीत जाते. मार्गदर्शक हे सांगतीलच, परंतु ते सांगण्यापूर्वी आपल्या लक्षात आले तर त्याचा आनंद वेगळा.

दिवाणखान्यात सर्वांत आधी जमिनीकडे पाहा. जमिनीला तिथल्याच खडकाच्या फरशा घातल्या असून त्यांना मेण लावून चकाकी आणली आहे, त्यामुळे त्या ओल्या दिसतात. शेकोटीपुढे मात्र डोंगराचा मूळ खडक फोडून न काढता जागेवरच ठेवला आहे आणि त्याला मेण लावलेले नाही. वाहत्या पाण्यातून कोरड्या खडकाचा माथा वर यावा, तसा तो दिसतो. या खोलीतच काचेचे झाकण असलेला एक जिना आहे. झाकण सरकवले की थेट ओढ्यापर्यंत उतरणाऱ्या, वरून टांगलेल्या पायऱ्या दिसतात, आणि उन्हाळ्यात पाण्यावरची थंड हवा तिथून घरात येते. १९५६ च्या पुरात त्या पायऱ्या वाहून गेल्या होत्या, त्या पुन्हा बसवल्या आहेत.

काच आणि दगड जिथे भेटतात ती जागाही चुकवू नका. काही ठिकाणी मध्ये चौकट न घालता काच सरळ दगडी भिंतीच्या खाचेत बसवली आहे, त्यामुळे भिंत आतून बाहेर अखंड गेल्यासारखी वाटते. काही कोपऱ्यांत खिडक्यांची दोन्ही तावदाने उघडली की मध्ये खांब उरतच नाही, कोपराच नाहीसा होतो. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत खिडकी आत उघडताना टेबलाला अडत होती. तिथे खिडकी लहान न करता टेबलाच्या फळीलाच पाव वर्तुळाची खाच पाडली आहे. सुतारकामाची जाण असलेल्या माणसाला ती खाच पाहून हसू येईल, आणि मग आदरही वाटेल.

आता भाषेचे. मार्गदर्शकाचे प्रत्येक वाक्य कळले पाहिजे असे नाही. जाण्याआधी मुलाला घराचा नकाशा समोर ठेवून अर्धा तास मराठीतून सर्व समजावून सांगायला लावा. स्थळ, क्रम आणि चारपाच नावे आधी माहीत असली की इंग्रजी निम्म्याने सोपे होते. फेरी साधारण तासाभराची असते आणि गट लहान असतो, त्यामुळे आपण थांबून प्रश्न विचारलेला मार्गदर्शकांना आवडतो. गुडघ्यांबाबत मात्र सावध राहा. स्वागतकेंद्रापासून घरापर्यंत चालावे लागते, घरात पायऱ्या पुष्कळ आहेत आणि लिफ्ट नाही. तिकिटाच्या वेळीच अडचण कळवून ठेवावी, म्हणजे काय सोय होते ते आधी समजेल. घराच्या आत छायाचित्रे काढण्यावर, पाठीवरच्या मोठ्या पिशव्या नेण्यावर आणि अगदी लहान मुलांना आत नेण्यावर निर्बंध असतात; नातवंडे बरोबर असतील तर त्यांचे वय सांगूनच तिकिटे काढावीत. पिट्सबर्गहून अंतर सुमारे ११० किलोमीटर असून मोटारीने दीड तास तरी लागतो. दिवस मोकळा ठेवलात तर जवळच राइट यांचेच १९५० च्या दशकातले ‘केंटक नॉब’ हे घरही पाहून होईल. ते लहान आहे, आणि राहायला बहुधा अधिक सोयीचे.

प्रश्न : एका धनाढ्य दुकानदाराच्या सुटीतल्या घराचे एवढे कौतुक कशासाठी? आमच्या भागातले जुने वाडे पडत आहेत, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपला राग निम्मा तरी योग्य आहे. अमेरिकेत महामंदी चालू असताना या घरावर, पाहुण्यांचे घर धरून, सुमारे १,५५,००० डॉलर खर्च झाले, आणि आरंभी ठरवलेल्या रकमेच्या ते कित्येक पट होते. घरातला हा सामाजिक भेद पाहायचा असेल तर स्वयंपाकघर पाहावे. दिवाणखान्याच्या मानाने ते लहान आहे, कारण तिथे मालकीण नव्हे, नोकरमाणसे राबत असत. त्या नोकरांच्या खोल्या वरच्या चढावर, पाहुण्यांच्या घराला जोडून आहेत. ओढ्याचा आवाज कोणाच्या वाट्याला किती यायचा, हेही आराखड्यातच ठरलेले होते.

तरीही हे घर वाड्यांच्या विरुद्ध पक्षात घालण्याचे कारण नाही. त्याच्या भिंतींचा दगड त्याच जमिनीतल्या खाणीतून काढला आहे आणि तो तिथल्या खडकासारखाच आडव्या, पुढेमागे सरकलेल्या थरांत रचला आहे. जागेवर मिळणारा दगड वापरणे, उतार न कापता त्याच्यावर घर बसवणे, झाड तोडण्याऐवजी त्याच्याभोवती तुळई वळवणे हे तिथे घडले. मोटाररस्त्यावरच्या मांडवाची अशी वळवलेली तुळई आजही दाखवतात. आपल्या जांभ्या दगडाच्या, मंगळुरी कौलांच्या घरांना हे शहाणपण नवे नाही. फरक इतकाच की त्या घराला १९६३ नंतर सांभाळणारी संस्था मिळाली आणि आपल्या वाड्यांना वाटण्यांचे दावे मिळाले.

प्रश्न : खानापूरच्या पश्चिमेला आमची जमीन असून तिच्या कडेने नाला वाहतो. आपल्या अंकातले चित्र पाहून मुलाच्या मनात आले आहे की नव्या घराची गच्ची सात-आठ फूट नाल्यावर बाहेर काढावी आणि छत सपाट ठेवावे. गवंडी म्हणतो, होईल. आपले मत काय?
— एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका

उत्तर : गवंड्याचे ‘होईल’ खरे आहे, होईलच. पुढे काय होईल ते फॉलिंगवॉटरकडूनच शिकावे.

त्या घराच्या मुख्य गच्च्या आधारापासून सुमारे १५ फूट बाहेर आहेत. कॉफमन यांनी नेमलेल्या अभियंत्यांना आराखड्यातली सळई अपुरी वाटली आणि काम चालू असताना ती दुपटीच्या आसपास वाढवली गेली. राइट यांना ते कळल्यावर ते संतापले. पुढच्या काळातल्या गणिताने दाखवून दिले की वाढवलेली सळईदेखील पुरेशी नव्हती. सेंट्रिंग काढताच गच्ची थोडी झुकली, कारण काँक्रीट ओतताना साचा टोकाकडे किंचित वर उचलून ठेवण्याची काळजी घेतलेली नव्हती. नंतरच्या दशकांत ती झुकतच गेली आणि झुकाव सुमारे सात इंचांपर्यंत पोहोचला. १९९७ मध्ये खालून तात्पुरते पोलादी टेकू द्यावे लागले. २००२ मध्ये दिवाणखान्याच्या फरशा क्रमांक घालून उचलल्या, खालच्या तुळयांच्या बाजूंनी पोलादी केबली टाकून त्या प्रचंड ताणाने ओढून बांधल्या आणि फरशा परत जागच्या जागी बसवल्या. गच्ची पूर्वीच्या पातळीला आणली नाही, तिचे खाली जाणे तेवढे थांबवले. एवढा खर्च जगप्रसिद्ध वास्तूसाठी लोक देणगीतून उभा करतात. आपल्या घरासाठी तो आपल्यालाच करावा लागेल.

कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला आधार देऊन बाहेर काढलेला भाग, काढूच नये असे माझे म्हणणे नाही. भारतीय मानकात दोन्ही टोकांना साधा आधार असलेल्या तुळईसाठी लांबी आणि परिणामकारक (गणितात धरायची) खोली यांचे मूळ गुणोत्तर २० धरले आहे, तर बाहेर काढलेल्या तुळईसाठी ते केवळ ७ आहे. यावरून बाहेरचा फूट आतल्या फुटापेक्षा किती महाग पडतो ते कळेल. सात-आठ फुटांसाठी खोल तुळया लागतील, त्या मागे घरात तितक्याच दमदारपणे धरून ठेवाव्या लागतील, आणि हे गणित स्थापत्य अभियंत्यानेच करायचे आहे. प्रत्यक्ष कामावर घात होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. कँटिलिव्हरची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि काँक्रीट ओतणारी माणसे तिच्यावरूनच ये-जा करतात. सळई दबून खाली जाते आणि वरून कोणाला काही दिसत नाही. सळईखाली भक्कम खुर्च्या (सळई उचलून धरणारे आधार) लावणे, चालायला वेगळ्या फळ्या टाकणे आणि अभियंत्याने सांगेपर्यंत टेकू न काढणे, या तीन गोष्टींवर आपण स्वतः उभे राहून लक्ष ठेवावे.

सपाट छताला मात्र माझा विरोध आहे, आणि तो चवीचा प्रश्न नाही. फॉलिंगवॉटर बांधल्यापासून गळत आले आहे. खोल्यांत बादल्या ठेवाव्या लागतात, असे खुद्द मालक चेष्टेने सांगत, आणि पाणी अडवण्याची कामे तिथे अजून निघतच असतात. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस त्या जंगलातल्या पावसापेक्षा कितीतरी अधिक. आपल्याकडे सपाट स्लॅब टाकून चारपाच वर्षांत त्याच्यावर पत्र्याची शेड उभारलेली घरे गावोगावी दिसतात; म्हणजे छताचा खर्च दोनदा होतो आणि घर दोन्ही वेळा कुरूप दिसते. मुख्य घराला उतरते छत द्यावे, कौले परवडत नसतील तर चांगला पत्रा आधीच आराखड्यात धरावा, आणि सपाट गच्ची हवीच असेल तर ती लहान ठेवून तिला कोब्यातून नीट उतार व पाणी जायला मोठी तोंडे द्यावीत. पाने अडकून तुंबणारे दोन इंची पाइप नकोत.

नाल्याचे शेवटी सांगतो, पण काम सुरू करण्याआधी पाहायचे आहे ते हेच. नाल्याच्या पात्रापासून किती अंतर सोडायचे याची लेखी माहिती पंचायतीकडून किंवा नियोजन प्राधिकरणाकडून घ्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आपल्या जिल्ह्यातली पाण्याची नेहमीची पातळी कशी खोटी ठरली, हे आपण पाहिले आहे. नाल्यापासून मागे सरकून, चढावर घर बांधा आणि पाण्याकडे तोंड करून रुंद पडवी ठेवा. पाण्याचा आवाज तिथेही येईल.

प्रश्न : मी वास्तुकलेचा विद्यार्थी आहे. घर संग्रहालय झाले की त्यातले ‘घर’ संपते, असे मला वाटते. अशा ठिकाणी मार्गदर्शकाबरोबर फिरून विद्यार्थ्याने नेमके काय शिकावे?
— एक विद्यार्थी वाचक, बेळगाव

उत्तर : संग्रहालयाचेही प्रकार असतात. कॉफमन यांचे पुत्र, धाकटे एडगर, काही काळ राइट यांच्याकडे शिकायला होते. आईवडिलांच्या मृत्यूनंतर १९६३ मध्ये त्यांनी घर आणि सभोवतालचे जंगल ‘वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या स्वाधीन केले, आणि १९६४ पासून ते लोकांना खुले झाले. त्यांचा आग्रह असा की घर राहते दिसावे. त्यामुळे अक्रोडाच्या लाकडाचे मूळ फर्निचर, पुस्तके, राइट यांनी भेट दिलेली हिरोशिगे या जपानी कलावंताची छापचित्रे, असे बरेच काही जागच्या जागी आहे. याच्या उलट पॅरिसजवळच्या प्वासी येथील ल कॉर्ब्युझिए आणि पिएर जान्नरे या वास्तुरचनाकारांचा ‘व्हिला साव्हॉय’ पाहा. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या घरात साव्हॉय कुटुंब १९४० पर्यंतच राहिले, तेही गळतीच्या तक्रारी करत. मग युद्धात आधी जर्मन आणि नंतर अमेरिकन सैन्याने ते वापरले. १९५८ मध्ये शाळेसाठी ती जमीन नगरपालिकेने ताब्यात घेतल्यावर घर पाडले जाण्याची वेळ आली होती, आणि देशोदेशींच्या वास्तुरचनाकारांनी विरोध केल्यामुळे ते वाचले. आज ते जवळजवळ रिकामे आहे. तिथे कुटुंबाचा मागमूस लागत नाही, पण मधल्या उतरणीवरून तळापासून गच्चीपर्यंत चढताना जागा कशी उलगडत जाते ते अडथळ्याविना दिसते. तळमजल्याची वक्र भिंत मोटार वळण्याच्या त्रिज्येवरून ठरली, हेही तिथे उभे राहिल्यावर पटते.

भरलेले घर राहणी शिकवते, रिकामे घर रचना शिकवते. विद्यार्थ्याला निवड करायची असेल तर मी आधी रिकामे पाहायला सांगेन. मार्गदर्शकाला इतिहास विचारू नका, तो छापलेला मिळतो. दुरुस्त्या विचारा: काय गळले, काय गंजले, कोणती काच किती वेळा बदलली, लाकूड कशामुळे फुगले. रोज त्या घरात वावरणाऱ्या माणसाला हे पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असते. मोजपट्टी काढता येत नसेल तर पावलांनी आणि वितीने मोजा, आणि बाहेर येताच बाकावर बसून आठवणीतून छेद (इमारत उभी कापल्यास दिसेल तसे चित्र) काढा. कागदावर जे येणार नाही ते आपण पाहिलेले नाही.

प्रश्न : परदेशी जाणे आम्हाला शक्य नाही. या धर्तीचे काही भारतात, शक्यतो आपल्या जवळ, पाहता येईल का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : घरच पाहायचे असेल तर चंदीगड. तिथे सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाच्या घरात पिएर जान्नरे १९५४ पासून १९६५ पर्यंत राहिले. शहराच्या आखणीची जबाबदारी ल कॉर्ब्युझिए यांच्यावर असली तरी वर्षानुवर्षे तिथे राहून काम ओढले ते या त्यांच्या चुलतभावाने. २०१७ पासून हे घर संग्रहालय म्हणून खुले आहे. ते सरकारी अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या घरांपैकी एक आहे, म्हणून निपाणीच्या वाचकांचा आक्षेपही येथे फारसा लागू पडत नाही. साधी वीट, दगड आणि ऊन अडवणाऱ्या जाळीदार भिंती यांतून केलेली रचना आपल्याला सहज जवळची वाटेल. चंदीगडचे कॅपिटॉल संकुल (विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय यांचा परिसर) २०१६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथे मात्र एकट्याने फिरता येत नाही, ओळखपत्र दाखवून मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे चंदीगड, असा प्रवास सोयीचा आहे.

अहमदाबादेत ल कॉर्ब्युझिए यांची दोन घरे आहेत, पण ती खासगी आहेत. तिथे न विचारता फाटकाशी जाऊन उभे राहू नये. त्याऐवजी साबरमती आश्रमातले वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचे १९६३ मधले गांधी संग्रहालय पाहावे. विटांचे खांब, उतरती कौले आणि मध्ये उघडा चौक, इतक्याच गोष्टींनी बांधलेली ती जागा सर्वांना खुली आहे.

सर्वांत जवळचे म्हणजे पणजीतील मांडवीच्या काठावरची, कोरिया यांचीच कला अकादमी. ते घर नाही, पण रस्त्यावरून आलेला माणूस दाराशी न अडता इमारतीखालून चालत नदीपर्यंत कसा पोहोचतो, हे तिथे पाहण्यासारखे आहे. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला होता, म्हणून निघण्यापूर्वी कोणता भाग खुला आहे ते विचारून घ्यावे. चोर्ला घाटाने गेल्यास चिकोडीहूनही पहाटे निघून रात्री परत येता येते. पावसाळ्यात मात्र घाटाचा रस्ता चालू असल्याची खात्री करूनच गाडी काढावी.